एका दमात न येणारं नाव

"जरा पाठ टेकते गं," म्हणून वैजूआक्का पाळण्याशेजारी चटईवर आडवी होते खरी, पण झोप कसली लागतेय! संध्याकाळी भाच्याचं बारसं आहे. बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं ते आत्यानं, म्हणजे हिनंच, आणि नावाचा तर अजून पत्ता नाही. भावजय रेश्मा चार दिवस विचारतेय, "वन्सं, ठरलं का?" आणि ही बाई दर वेळी चहा उतू चालल्याचं सांगून पळतेय.

लोकांना वाटतं, भाऊ गेल्याच्या दुःखात बिचारीला सुचत नसेल. तसं काही नाही. वैजूला स्वतःच्या तोंडाची धास्ती बसलीय. सव्वादोन महिन्यांपूर्वी तिचा धाकटा भाऊ, लाइनमन दिनू, कांद्याच्या रानात खांबावर चढला होता. काम बंद लाइनीचं होतं, चालू लाइन त्या लाइनीच्या हातभर वर. वैजू डबा घेऊन गेली आणि खालून हाक मारली, "दिनू!" दोन अक्षरं. तो झटक्यात वळला आणि कोपर वरच्या तारेला लागलं. हाक आपली होती, हे तिनं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता त्याच तोंडानं त्याच्या पोराला पहिली हाक मारायची?

पाळण्याची कडी कुरकुरतेय. वैजूचे डोळे जड होतात. पाळण्याचे दोर वर वर जातात, आढ्याला पोचतच नाहीत, आणि पार वर टोकाला तारा आहेत. चटईखाली ढेकळं टोचतायत. ती उठून बसते, तर हातात डबा आहे, भोवती कांद्याची पात आहे आणि खांबावर तिच्याकडं पाठ करून दिनू बसलाय.

वैजू तोंडावर पदर दाबते.

"हाक मार की आक्का," तो न वळता म्हणतो.

"नाही मारायची."

"त्या दिवशी बरी मारलीस."

इतके दिवस ती याच वाक्याला भीत होती आणि याचीच वाट बघत होती.

"चुकलं रे माझं. भाजी गार होत होती, म्हणून..."

"भेंडीची होती. वास आला होता मला. आज काय आणलंस?"

ती डबा उघडते. आत बारशाच्या घुगऱ्या आहेत. मान वर करते, तर दिनू शाळेच्या पायरीवर बसलाय, सात वर्षांचा, पण अंगात खाकी शर्ट आणि हातात मोठ्या माणसाचे काळे पडलेले रबरी हातमोजे. पायरीखाली पाळणा आहे. पाळणा रिकामा आहे.

"दिनू, पोर कुठंय?"

"वर चढलंय," तो घुगऱ्या खात म्हणतो.

खांब आता शाळेच्या अंगणात आहे. त्याच्या टोकाला, तारांच्या खाली, बारा दिवसांचं पोर खांबाला मिठी मारून बसलंय.

"खाली बोलाव त्याला," दिनू म्हणतो. "पण मला बोलावलंस तसं नको. दोन अक्षरांत माणूस झटकन वळतंय. असं लांब नाव घे, की ते संपेपर्यंत त्याला हात सावरता येतील."

वैजू मान वर करते. "अखंड..." पोर वळत नाही, पकड घट्ट करतं. "प्रकाश..." ते हातभर खाली सरकतं. तिचा श्वास संपत आलाय. "वर्धन." आणि पाळणा भरलेला आहे, बाळ मूठ चोखतंय.

"आता माझ्या कानात सांग," दिनू म्हणतो. "बापाला नको का कळायला?"

त्याचा कान गारगार आहे. ती कुर्र करते आणि अख्खं नाव सांगते.

"हजेरी घेताना मास्तर दमणार," तो हसतो.

"दमू दे."

"नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपका बसतो. संध्याकाळी काही मी नसेन. माझा आत्ताच घे."

धप्प.

वैजू दचकून उठते. उन्हं कलली आहेत. दारात रेश्मा उभी आहे.

"वन्सं, बायका यायला लागल्या. ठरलं का?"

"ठरलं. अखंडप्रकाशवर्धन."

"अगं बाई, एवढं लांब?"

"लांबच पाहिजे. रेश्मा, त्या दिवशी दिनूला खालून हाक मारली ती मी. त्यानं मागं वळून बघितलं ते माझ्यामुळं."

वैजूला रेश्माकडं बघवत नाही. ती भिंतीकडं तोंड फिरवते.

"वन्सं," मागून आवाज येतो, "तुमच्या पाठीला हे काय लागलंय?"

धुतलेल्या पिवळ्या पोलक्यावर, दोन खांद्यांच्या मधोमध, काळा पंजा उमटलाय. बोटं जाडजूड आहेत, हातमोजे घातल्यासारखी. रेश्मा त्यावर आपला हात ठेवते. तिचा हात त्यात सहज मावतो.

बोटाला लागलेलं काळं घेऊन ती पाळण्यापाशी जाते आणि बाळाच्या गालावर तीट लावते.