भावकीतले इंग्रजी शब्द

लिपिकाच्या परीक्षेत मी दोनदा इंग्रजीनं मार खाल्ला होता. तिसरी खेप शेवटची. त्यानंतर माझं वय बसत नव्हतं. लातूरच्या क्लासच्या नोट्समधले शब्द मी हदगावच्या घरी ओसरीत बसून पाठ करायचे आणि चहाला उकळी येईस्तोवर विसरायचे. स्वतःचाच राग यायचा.

सासूबाई समोर तूर निवडत असायच्या. शाळेची पायरी न चढलेली बाई. एकदा वैतागून म्हणाल्या, "नुस्तं घोकून काय व्हतंय? आपल्यात तसं कोण हाय ते बघ की."

मी म्हटलं, "स्टबर्न म्हणजे हट्टी."

"मंग तुझा सासरा."

तो शब्द मी पुन्हा कधी विसरले नाही. तेव्हापासून रीतच पडली. मी अर्थ सांगायचा, त्यांनी भावकीतून माणूस द्यायचा. रिलक्टंट, म्हणजे मनात नसताना करणारा, थोरल्या दिरांच्या वाट्याला आला. फ्रुगल, म्हणजे काटकसरी, चुलत सासऱ्यांच्या. ते एकच चहापत्ती दोनदा उकळतात. एका लग्नात सासूबाईंनी त्यांना भर पंगतीत फ्रुगल म्हटलं. त्यांना तो मान वाटला आणि दिवसभर ते खुशीत हिंडले. मी हसू लपवायला पदर तोंडाशी धरला.

इम्पार्शलला मात्र माणूस मिळेना. सगळ्यांना सारखं धरणारा, कुणाची बाजू न घेणारा, असं मी समजावलं. सासूबाईंनी सगळ्या वाटण्या, आहेर, मानपान आठवून पाहिले.

"न्हाई बाई. असं आपल्यात कुणीच न्हाई. पुढं चल."

नांदेडच्या केंद्रावर नेमका तोच शब्द आला. घाबरून मला अर्थच आठवेना. पण त्याला आपल्यात कुणीच नाही, हे आठवलं. चारांपैकी तीन पर्यायांची माणसं आमच्या घरात होती. उरलेल्यावर क्लिक केलं.

निवडीच्या यादीत मी होते. नेमणूक लातूरला. सासूबाईंनी माझ्या तोंडात साखर घातली आणि पुन्हा तूर निवडायला बसल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "आता मला शब्द कोण दील?"

मला भरून आलं. इतके दिवस मी समजत होते, त्या माझ्यासाठी बसतात. रोज फोनवर दहा शब्द देईन, असं मी कबूल केलं.

"दहा नगं, पाच दे," त्या म्हणाल्या. "सोयाबीन काढायला आलंय."