एकच नमुना

१६ जून १९७५, सकाळचे साडेदहा. परवा रोह्याच्या दवाखान्यात दंडाला स्पिरिट लागले आणि ती वेळ आठवली. तेव्हा मी पेणच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत असे. खोल समुद्रातून आलेला, तांदळाच्या दाण्याएवढा, झिंग्यासारखा एक जीव माझ्याकडे स्पिरिटच्या बाटलीत ठेवलेला होता. त्याची जात कोणी नोंदविलेली नव्हती आणि नमुना हा एकच होता. दोन वर्षे मी त्याचे वर्णन लिहीत होतो. जबड्याची आकृती तेवढी काढायची राहिली होती. मे महिन्याची सुट्टी संपल्यावर कपाट उघडले, तर बाटलीच्या तळाशी मिठाचे खडे होते आणि त्यांत मोडलेले पाय. प्रयोगशाळेतले शिपाई मामा मिठागरावर वाढलेले, निवृत्तीला आलेले; त्यांना विचारले. ते म्हणाले, “सर, बाटली सुकली व्हती. स्पिरिट नाय, म्हणून आगरातला खारा पाणी भरला. मिठात आमची मासली वरीसभर टिकते, हा तर दाण्याएवढा!” ते हसले आणि शाबासकीची वाट पाहत उभे राहिले. नमुन्यावाचून जातीला नाव देता येत नाही. मी म्हटले, “बरे केलेत, मामा.” मग वर्णनाचे कागद दोऱ्याने बांधले, मीठ खरवडून काढले आणि बाटली धुऊन पालथी घातली.