मूठ मिटेपर्यंत

माझ्या आजारावर औषध सुचवलं नाही असा माणूस रत्नागिरी तालुक्यात उरलेला नाही. मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघ्यात येतो तो नव्हे. ऐन चाळिशीत बोटांच्या सांध्यांत शिरलेला, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे जन्मभर मुक्कामाला आलेला. सकाळी उठते तेव्हा बोटं सुजून ताठ असतात. मूठ मिटत नाही. मी मिरजोळ्यात घरीच ब्लाउज शिवते. मूठ न मिटणाऱ्या बाईला सुईत दोरा ओवता येत नाही, हुक लावता येत नाही, आणि गिऱ्हाईक तर काही थांबत नाही. मला फक्त मूठ मिटायला हवी होती. बाकी कुणाचं काही नको होतं, सल्ला तर मुळीच नको होता.

तो दिला मुंबईच्या जाऊबाईंनी. गणपतीला आल्या तेव्हा मोबाइलवर कुठल्याशा बाईचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाल्या, "धान्य बंद कर बघू. भात नाही, भाकरी नाही, चपाती नाही. माझी पाठ बघ कशी मोकळी झाली." त्यांच्या पाठीला कधी काय झालं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण दुखणाऱ्या माणसाला अक्कल कमी असते. गोळ्या चालू ठेवल्या आणि धान्य सोडलं.

कोकणात भात सोडण्यापेक्षा नवरा सोडणं सोपं. त्यात लोक तुमची बाजू तरी ऐकून घेतात. 'शितं तिथं भुतं' म्हणतात. मी शितं सोडली आणि भुतं वाढली. ब्लाउज टाकायला आलेली प्रत्येक बाई माप राहू देऊन माझं ताट तपासायची. अन्नावर राग काढू नये, लक्ष्मी रुसते, अशक्तपणा येईल, अमकीची मावशी अशीच गेली. मी तोंडात टाचण्या धरून गप्प बसायचे. टाचण्या नसत्या तर काय बोलले असते ते सांगत नाही.

घरात सासूबाई. सत्तरी उलटलेली बाई. त्यांच्या हिशेबी भात खाल्ला तरच जेवण, बाकी सगळं तोंड हलवणं. आधी म्हणाल्या, "पेज तरी पी गो. पेज म्हणजे काय भात नव्हे." मी नाही म्हटलं. मग त्यांनीच तोड काढली. "मग एकादशीचं खा. वरी काय धान्य नाय. उपासाला चालते."

हे मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. उपासाला चालतं ते धान्य नव्हे, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. सासूबाईंनी तर माहेरी डोंगरउतारावर नाचणीच्या शेजारी वरी पेरलेली, स्वतःच्या हाताने झोडलेली. तरी त्यांना शंका आली नाही आणि मलाही नाही. त्या दिवसापासून दोन्ही वेळा वरी. एकादशीची वरी आणि वर बांगड्याचं कालवण, असला अधर्म आमच्या घराण्यात पहिलाच.

दोन आठवडे झाले तरी बोटं तशीच. तिसऱ्या आठवड्यात सूज वाढली. कुणाचं तरी चुकत होतं, आणि ते माझं नाही हे मी ठरवून टाकलं होतं. सासूबाईंची जुनी पद्धत, खोबऱ्याच्या वाटपात चमचाभर भिजवलेले तांदूळ घालायचे. कालवण दाट होतं. एका दुपारी ते मला दाट लागलं. मी ताट सरकवलं.

"आई, तुम्ही वाटपात तांदूळ घालता."

"नाय गो. सोडलंय ते कधीच."

"घालता. मला बरं वाटू नये असंच आहे तुमच्या मनात."

नवरा जयगडच्या बंदरावरून पाळी संपवून आला होता. तो मान खाली घालून जेवत राहिला. भांडणात मान खाली घालून जेवणं हा त्याचा एकुलता एक गुण.

सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि देव्हाऱ्याकडे तोंड केलं. "देवी बघत्येय. हिची मूठ मिटेपर्यंत मी धान्य तोंडात घेणार नाय. ही खाईल तेच खाईन."

"खा," मी म्हटलं. मला वाटलं, चार दिवसांत येतील ठिकाणावर.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी ती बाई. दोन महिने झाले. नवऱ्यापुरता मूठभर तांदूळ शिजायचा. त्याची पेज गाळताना त्या तोंड फिरवायच्या. मी एकदाही पुरे म्हटलं नाही. खरं सांगते, मला बरंच वाटत होतं. मी एकटीने कशाला सोसायचं?

मग एके सकाळी त्या आपलं पोलकं घेऊन आल्या. "ढगळ होतंय. आत टीप मार जरा." मी दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं कापड आत घेतलं. शिलाई वाकडी आली. त्यांनी ते घातलं आणि त्या वरी निवडायला बसल्या.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात काय असतं?" मी ताठ मानेनं सांगितलं, धान्य बंद, फक्त वरी. ते म्हणाले, "अहो, वरी धान्यच की. नाचणीसारखंच भरडधान्य." धान्य सोडून हे दुखणं जाईल असं आपण कधी म्हणालो नव्हतो, असंही म्हणाले आणि गोळी बदलून दिली. घरी येताना बसमध्ये मी जाऊबाईंना, त्या व्हिडिओतल्या बाईला आणि आजवरच्या सगळ्या एकादश्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. स्वतःला घालायच्या राहिल्या.

दुपारी सासूबाई ताटात वरी वाढून घेत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आता मला धुऊन काढतील, असं वाटलं. त्यांना हक्कच होता. पण त्यांनी एवढंच विचारलं,

"म्हणजे माझा नेम मोडला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग आता पहिल्यापासून," त्या म्हणाल्या, वरी परत पातेल्यात टाकली आणि उकडलेलं रताळं सोलायला घेतलं.

मला त्यांचा भयंकर राग आला. माझं चुकलं, एवढे दोन शब्द म्हटले असते तर भागलं असतं. ते तोंडातून निघेनात. मी भाताचं भांडं आणलं, त्यांच्या ताटात दोन उलथणी भात घातला, वर कालवण ओतलं. मग उजवा हात त्यांच्या नाकासमोर धरला आणि दात खाऊन मिटला. खांद्यापर्यंत कळ गेली.

"ही बघा. मिटली मूठ. जेवा आता."

त्यांनी मूठ पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. भात कालवला आणि जेवायला लागल्या. सावकाश, बोटं चाटून, एक शीत न ठेवता. तोवर मी तशीच उभी होते. मग पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या,

"आता उघडून दाखव."

मला उघडता येईना. डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही पुसता येईना. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि एकेक बोट धरून सोडवलं.

"खोटारडी," त्या म्हणाल्या. "वाढ अजून."