पालकांना घेऊन या

मला कॉलेजातून ‘पालकांना घेऊन या’ असं सांगण्यात आलं, तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि स्वतःच दोन मुलांची पालक होते.

यात हसण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा कळलं नाही. मी आश्रमशाळेत वाढलेली मुलगी. आमच्या सुरगाण्याकडे गुरुजींनी ‘पालकांना घेऊन ये’ म्हटलं, की माझे वडील नागलीची लावणी अर्धी टाकून, चिखलाच्या पायांनी शाळेत हजर व्हायचे. कशासाठी बोलावलं, हे ते तिथे पोचल्यावर विचारायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजचा सूचनाफलक हा माझ्यासाठी कायदाच होता. ‘ओळखपत्र गळ्यात असावे’ असं वाचलं त्या दिवसापासून ते माझ्या गळ्यात होतं. (भाजी आणायलाही मी ते घालूनच जायचे. भाजीवाली मावशी एकदा म्हणाली, “मॅडम, तुम्ही महापालिकेच्या का? मी ही टोपली लगेच मागं घेते!”)

तर फलकावर माझा क्रमांक होता. हजेरी कमी असलेल्यांनी पालकांना घेऊन यावं, पालकांनी हमीपत्र लिहून द्यावं, मगच आमचे विभागप्रमुख सर परीक्षेच्या फॉर्मवर सही करतील. शेवटची तारीख : उद्या. सही नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं. मी घाईघाईने मोबाइलवर फोटो काढला. (समोर एका मुलाचं डोकं होतं, त्यामुळे खालच्या दोन ओळी आल्या नाहीत. त्या डोक्याबद्दल पुढे येईलच.)

आता पालक आणायचे कुठून? आईवडील द्राक्षांच्या कामाला निफाडकडे गेलेले. बागेचं काम ऐन रंगात, मुकादम पाणी प्यायलासुद्धा हिशेबाने सोडतो. मी नवऱ्याला फोन लावला. ते पिकअप घेऊन सुरतेला टोमॅटो पोचवायला गेले होते.

“पालक? मग मी येतो ना! परवा पोचतो.”

“उद्या शेवटची तारीख आहे. आणि तुम्ही माझे पालक कसे?”

“का? मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे.” त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी लग्नातही ऐकला नव्हता.

राहिल्या आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. मी कॉलेजला जाते तेव्हा मुलांना त्याच सांभाळतात. प्रवेश घेताना त्यांनी एकच अट घातली होती : “शिक. पोरं मी बघते. पण वरीस बुडवलंस, तर कॉलेज बंद.” म्हणजे ज्यांना कळू द्यायचं नाही, त्यांनाच सोबत घेऊन जायचं होतं!

मी भाकरी थापता थापता विषय काढला.

“आत्या, उद्या कॉलेजात पालकांना बोलावलंय.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

आत्यांनी चुलीवरची, म्हणजे गॅसवरची, कढई खाली उतरवली. “काय केलंस?”

“काही नाही.”

“काय नाय केलं तं बोलवीत नाय. तुझ्या नवऱ्याला, काशिनाथला, शाळेतून बोलावणं आलं, तवा त्यानं मास्तरची सायकल तळ्यात घातली व्हती.”

“सायकल नाही, आत्या. हजेरी जरा कमी आहे.”

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “कळलं. मी बोलते.”

त्यांच्या या दोन शब्दांनी आमच्या पेठ रोडच्या गल्लीत आजवर एक घरमालक, दोन रिक्षावाले आणि नळाचं पाणी सोडणारा माणूस सरळ झाला आहे.

हजेरी का कमी होती, ते मी इथे खरं सांगते. आधी रितूला, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या मुलीला, कांजिण्या आल्या. ती उठली तेव्हा अडीच वर्षांच्या सोनूला आल्या. (ही दोघं एका बिस्किटाचे दोन तुकडे करून खातात, पण आजार कधी एकत्र काढत नाहीत.) मग रितूचं पोट बिघडलं, मग रितूचा दात पडला, मग सोनूने नाकात वाटाणा घातला, मग अंगणवाडीच्या कार्यक्रमात सोनू कोबी झाला आणि प्रेक्षकांना बघून रडायला लागला, म्हणून कोबीला कडेवर घेऊन मला स्टेजवर उभं राहावं लागलं. पण वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं. मला दोन मुलं आहेत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. म्हणून प्रत्येक अर्जात मी एकच वाक्य लिहायचे, ‘माझी तब्येत ठीक नसल्यामुळे’, आणि पुढे जो आजार सुचेल तो.

दुसऱ्या दिवशी पहिली अडचण. पालकच जर मुलं सांभाळणारे असतील, तर पालक बाहेर गेल्यावर मुलं कुणी सांभाळायची? शेजारणीच्या दाराला कुलूप. म्हणजे मुलंही सोबत. आणि सकाळीच सुरगाण्याच्या जीपने मामांनी स्ट्रॉबेरीची पेटी पाठवली होती. आत्या म्हणाल्या, “मास्तरकडं मोकळ्या हातानं जायचं नाय.”

“आत्या, कॉलेजात असं नसतं.”

“मास्तर सगळीकडं मास्तरच असतो. उचल पेटी.”

रिक्षात पेटी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती सोनूच्या मांडीवर ठेवली. ही माझी चूक. मांजराच्या मांडीवर कुणी दुधाचं पातेलं ठेवतं का? मी मनातल्या मनात सरांपुढे काय बोलायचं त्याची तयारी करत होते आणि सोनू मन लावून आपलं काम करत होता. कॉलेजच्या गेटवर उतरलो तेव्हा पेटी अर्धी झाली होती आणि सोनू कपाळापासून ढोपरापर्यंत लालभडक!

वॉचमनकाका धावतच आले. “अहो ताई, पोराला एवढं लागलं आणि इकडे काय आणता? दवाखाना पलीकडे आहे!”

“लागलं नाही काका. स्ट्रॉबेरी आहे.”

सोनूने पुरावा म्हणून जीभ काढून दाखवली. काकांच्या जिवात जीव आला. “बरं. मग यांना आत कशाला?”

“हे माझे पालक आहेत.”

काकांनी आत्यांकडे पाहिलं, रितूकडे पाहिलं, सोनूकडे पाहिलं. “तिघंही?”

सरांच्या केबिनबाहेर रांग होती. माना खाली घातलेली मुलं आणि माना ताठ केलेले बाप. एका काकांनी मला आपल्यातलीच समजून सरकून जागा दिली.

“आमच्याने तर वैताग आणलाय. तुमचा कोणत्या वर्षाला?”

“मीच पहिल्या वर्षाला आहे.”

काकांनी सोनूकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे, आणि आपल्या मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला. “बघ! दोन पोरं कडेवर घेऊन लोक शिकतात! आणि तुला सकाळी उठवत नाही!” त्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, की पदवी मिळेपर्यंत तो मला नोट्स देणार नाही हे तिथेच नक्की झालं.

तेवढ्यात माझ्याच बाकावर बसणारी मुलगी आली. “अय्या ताई, तू? आणि ही पिल्लं कोणाची?”

मी तोंड उघडलं, पण ऐनवेळी एकही थाप सुचेना. खोटं बोलायला तयारी लागते, आणि माझी सगळी तयारी सरांसाठी राखून ठेवलेली. रितूच पुढे झाली. “आमची आई आहे ती. ती आमच्यासोबत राहते.”

सगळी रांग वळून बघायला लागली. माझं गुपित असं चारचौघांत संपलं. आणि तेवढ्यात आमचा नंबर आला.

सर चष्मा लावून बसले होते. समोर माझे सात अर्ज.

“या आजी, बसा. तुम्ही यांच्या आई?”

“आत्या,” आत्या म्हणाल्या.

“सासू, सर,” मी म्हणाले.

सरांनी एकदा चष्मा काढून पुन्हा लावला. “बरं. आजी, मला हिची काळजी वाटते. एवढ्या कमी वयात एवढी आजारपणं! नक्की काय झालंय हिला?”

“हिला?” आत्या माझ्याकडे वळल्या. “हिला काय धाड भरलीय?”

“हे बघा ना. पहिला अर्ज, ताप.”

“ताप पोरीला व्हता. कांजिण्या.”

“दुसरा, पुन्हा ताप.”

“तो पोराचा.”

“पोटदुखी?”

“पोरीची.”

“दातांचा त्रास?”

“पोरीचाच. पडला. हाय घरात, डबीत ठेवलाय.”

“श्वास घ्यायला त्रास?”

“वाटाणा,” रितू म्हणाली. “सोनूच्या नाकात.”

“कंबरदुखी?”

“ती माझी!” आत्या एकदम ओरडल्या. “यमुने, माझी कंबर तू कॉलेजात लिवून दिलीस?”

अशा रीतीने आत्यांनी माझा एकेक आजार ज्याचा त्याला परत वाटून टाकला. शेवटच्या अर्जात ‘अशक्तपणा’ होता. तो कोबीचा दिवस. तो घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

मी जमिनीकडे बघत होते. सात खोटे अर्ज, तेसुद्धा वडीलधाऱ्यांसमोर उघडे पडलेले! वर्ष गेलं, कॉलेज गेलं, घरी गेल्यावर आत्या पुस्तकं माळ्यावर टाकणार. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

“सर, मी चुकले,” मी कसंबसं म्हणाले. “मुलं आहेत हे सांगायची लाज वाटायची. पण शिकायचं मला खरंच आहे. ते खोटं नाही.”

सर काही बोलणार, तोच टेबलावर ‘थप्’ असा आवाज झाला. सोनू खुर्चीवर चढला होता आणि हमीपत्रावर, बरोबर ‘पालकाची सही अथवा अंगठा’ या चौकोनात, त्याच्या पाचही बोटांचा लालभडक ठसा उमटला होता! (आमच्या घराण्यातला अंगठ्याचा काळ माझ्यापाशी संपला, अशी माझी समजूत होती. माझ्या मुलाने अख्खा पंजा दिला.)

मी कागदावर झेप घेतली. पदराने पुसायला गेले तर ठसा आणखी पसरला. सरांनी हात वर केला.

“राहू द्या. पुसू नका.” त्यांनी हमीपत्र उचललं आणि मोठ्याने वाचलं. “‘माझा पाल्य यापुढे कॉलेजात नियमित हजर राहील, याची मी हमी देतो.’ बरोबरच आहे की! हा आजारी पडला नाही, तरच तुम्ही हजर राहणार. ही हमी दुसरं कोण देऊ शकतं?”

आणि सर हसायला लागले. आत्याही हसायला लागल्या. सोनूने खूश होऊन दुसरा हात उगारला, तो रितूने वरच्या वर धरला.

सरांनी फॉर्मवर सही केली. माझ्या डोळ्यांसमोर, निळ्या शाईने, पूर्ण नावासकट! मी एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे सातही अर्ज उडाले.

“पण यमुनाताई, एक सांगा,” सर म्हणाले. “तुम्ही सूचना पूर्ण वाचली नाही का?”

“वाचली ना सर. फोटो आहे माझ्याकडे.”

मी फोटो दाखवला. सरांनी त्यातल्या डोक्यावर बोट ठेवलं. “याच्या मागे दोन ओळी आहेत. ‘विवाहित विद्यार्थ्यांनी पालकांना आणू नये. कौटुंबिक कारणाचा साधा अर्ज द्यावा.’”

साधा अर्ज. खरं कारण लिहिलेला एक साधा अर्ज! सात खोटे लिहिले, आठवा खरा लिहिला असता तर हा प्रपंच घेऊन यावंच लागलं नसतं.

आत्या उठल्या. उरलेली पेटी त्यांनी टेबलावर ठेवली. सर नको नको म्हणाले, तेव्हा आत्यांनी त्यांना सांगितलं, “अर्धी पोरानं खाल्ली, अर्धी मास्तरनं खायची. वाटणी झाली.” सरांनी ती शिपाईकाकांकडे देऊन बाहेरच्या रांगेत वाटायला सांगितली. (धपाटा खाल्लेल्या मुलानेही दोन घेतल्या. नोट्सची थोडी आशा वाटली.)

परतताना रिक्षात मी वाट बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. पेठ नाका आला तेव्हा आत्या बोलल्या. “पोरं झाली याची लाज वाटती तुला?”

“नाही आत्या. तसं नाही.”

“मग? पोरं सांभाळून सून कॉलेजात जाती, हे गल्लीत सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आणि तू तिथं लपवतीस!” मग म्हणाल्या, “त्या माझ्या कंबरेचा पण एक अर्ज दे. खरा. उद्या मला दवाखान्यात न्यायचंय.”

पुस्तकं माळ्यावर गेली नाहीत. मी परीक्षेला बसले आणि पासही झाले.

पण गोष्ट इथे संपत नाही. निघताना आत्यांनी सरांना सहज विचारलं होतं, की एवढ्या पोरी येतात, तर पिण्याच्या पाण्याच्या नळाला तोटी का नाही? सर म्हणाले, “आजी, आमच्या पालक समितीत असं विचारणारंच कुणी नाही.” तेव्हापासून आत्या समितीवर आहेत. तोट्या बसल्या. आत्यांनी आजवर एकही बैठक चुकवलेली नाही. हजेरी शंभर टक्के! गेल्या बैठकीत तर त्यांनी स्वतः सूचना मांडली, की हजेरी कमी असणाऱ्यांच्या पालकांना समितीपुढे बोलवायचंच, विवाहित असो नाहीतर काही असो.

सूचना मंजूर झाली. आणि कालपासून रितूला गालगुंड झालंय. म्हणजे पुढच्या आठवड्यात सोनूला. त्यानंतर मला बोलावणं येणार, आणि या वेळी टेबलाच्या अलीकडे मी कुणाला घेऊन जाऊ? माझे पालक तर पलीकडे बसलेले असणार!