आईला मिळालेला ब्रेक

उद्या तुम्हाला कुणी ‘ब्रेक’ दिला, तर तुम्ही हसाल की रडाल? सत्तरच्या दशकात माझी आई जालन्यात एका कारखान्यात बियाणं निवडायला जायची. एकदा ती भर दुपारी खुशीत घरी आली.

“ब्रेक मिळाला. साहेबानं इंग्रजी कागदावर अंगठा घेतला अन् म्हणला, बाई, आठ दिवस आराम करा.”

शेजारची मावशी हसली. “ब्रेक तर एसटीला असतो. तू लई पळत व्हतीस काय?”

मी मोर्च्यांची पत्रकं लिहिणारी कॉलेजकन्या, पण मीही गोंधळले. शब्दकोशात मोडणे, तोडणे, मधली सुट्टी असे अर्थ निघाले. गाडीच्या ब्रेकचं स्पेलिंग निराळं, पण मूळ बहुधा त्याच मोडण्यात. मराठीत तर दोन्ही सारखेच. आईच्या वाट्याला यातला कोणता आला?

आठ दिवसांनी तिला फाटकावरच अडवलं. कायम करावं लागू नये म्हणून नोकरीत खंड पाडून तिला काढून टाकलं होतं, तेही त्या कागदावरच्या तिच्याच अंगठ्यानिशी.

“मंग आराम करा कशाला म्हणला?” ती विचारत राहिली.

तुमच्या शेजारी कुणापुढे इंग्रजी कागद आला, तर अंगठा उमटण्याआधी तो मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा.