वाफ कमी करा

एकाहत्तरच्या लढाईत मी नौदलात होतो म्हटलं की वडवणीच्या बाजारात लोक बसायला खुर्ची देतात आणि विचारतात, "समुद्र कसा होता?" खरं सांगायचं तर लढाईच्या दिवसांत मी समुद्र पाहिलाच नाही. वर तोफा उडायच्या आणि आम्ही जहाजाच्या तळाशी, इंजिनखोलीत, बॉयलरच्या वाफेचा काटा बघत उभे. वरची झाकणं बंद. जहाजाला काही झालं तर आधी आम्हीच बुडणार. मला भीती वाटायची, लई वाटायची. ते मी बाजारात सांगत नाही.

तिथं शेजारच्यानं बोंब मारली तरी ऐकू येत नसे, म्हणून सगळं हातांनी चालायचं. तळहात खाली करून हळूहळू दाबला की 'वाफ कमी कर'. छातीवर दोनदा मूठ आपटली की 'सगळं ठीक'.

लढाईतून मी धड परत आलो, कान मात्र तिथंच राहिले. पुढं लग्न झालं. बहिऱ्याला आपला आवाज केवढा हे कळत नाही. मी पाणी मागितलं तरी शेजारी भांडण सोडवायला यायचे. बायको सहा महिने रडली, मग म्हणाली, "ते हातवारे मला बी शिकवा." शिकली, आणि माझ्यावरच वापरायला लागली. मी तापलो की तिचा तळहात खाली. पोराच्या लग्नात व्याह्यांसमोरसुद्धा! आई म्हणायची, "सून नवऱ्याला बोटावर नाचवती." बोट कसलं, आख्खा तळहात होता.

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापता थापता कलंडली. तोंड वाकडं झालं, उजवा हात गळाला, वाचा गेली. बीडच्या दवाखान्यात दोन दिवस नुसती छताकडं बघत पडली. डॉक्टर म्हणायचे जीभ दाखवा, डोळे मिटा. ती काहीच करीना. माझं कानाचं यंत्र घाईत घरीच राहिलेलं. डॉक्टर कानाशी येऊन ओरडले, "बाबा, त्यांना काही समजतंय असं वाटत नाही."

खाटेपाशी जाऊन मी म्हणालो, "अगं, मी हाय! वळखतीस का मला?" माझ्या मते हळूच म्हणालो. आख्खा वॉर्ड उठून बसला.

तिचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. तळहात खाली करून तिनं हळूहळू दाबला.

डॉक्टरांना वाटलं, झटका आला. मी छातीवर दोनदा मूठ आपटली आणि तिच्याकडं बघत राहिलो. तिनं मूठ वळली, कशीबशी छातीपर्यंत नेली. एकदा टेकवली, मग पुन्हा एकदा.

"वाफ कमी करा म्हणतीय!" मी डॉक्टरांना मिठीच मारली. "सगळं समजतंय तिला!" लढाई संपल्यावर झाकण उघडून थंड वारा खाली आला होता, तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

महिन्याभरात ती घरी आली. परवा मी सालगड्यावर ओरडत होतो, तेवढ्यात सून धावत आली. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मामा, आत्या बोलल्या! पहिला शब्द बोलल्या!"

मी वळून ओसरीवर बसलेल्या बायकोकडं बघितलं. "काय बोलली?"

"हळू."

मला काही ऐकू आलं नव्हतं. तिचा तळहात अजून खालीच होता.