बाबांच्या शर्टांची गोधडी

आमच्या ताईला मी आरंभशूर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, चार माणसांत म्हणायचे, आणि ती नुसती हसायची. तिच्या कपाटात सात गोधड्या होत्या, सातही अर्धवट. एकीला अस्तर नव्हतं, एकीचे काठ राहिलेले, एकीचे तर नुसते चौकोन कापून रबर लावून ठेवलेले. एक ना धड, भाराभर चिंध्या! कपाट उघडलं की ही म्हण अक्षरशः अंगावर पडायची.

ताई वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायची. सगळा घोळ तिथेच. कुणी हस्तकलेचं पुस्तक परत केलं की ते फळीवर जायच्या आधी हिच्या पिशवीत. अशी क्रोशाची सुई घरात आली. मग मणी आले, ते अजून कोचाखाली सापडतात. मग मेणबत्त्यांचं खूळ आलं आणि त्यात आईचं दुधाचं पातेलं कामातून गेलं. "एवढं शिकून घेते, मग गोधडीच घेते हातात," हे तिचं ठरलेलं. नव्याचे नऊ दिवस संपले की दहाव्या दिवशी दुसरं पुस्तक.

मी शिवणाच्याच धंद्यातली म्हणून मला जास्त राग. कपडे अल्टर करून देणाऱ्या दुकानात मी एकवीस वर्षं मशीनवर बसतेय. गिऱ्हाईक समोर उभं असतं, "मूड नाही" म्हणायची सोय नाही. मी दोन गल्ल्या सोडून राहते, नवरा आहे, मुलं आहेत. ताईने लग्न केलं नाही. आईजवळ तीच राहिली, हे मान्य करायलाच हवं.

बाबा गेले, पाठोपाठ साखरेने आईचे डोळे गेले. बाबांचे चौदा शर्ट आईने कुणाला दिले नव्हते. एक दिवस ती ताईला म्हणाली, "ह्यांच्या शर्टांची एक गोधडी करून दे गं मला. जायच्या आधी चार दिवस पांघरीन म्हणते."

शिवणारी मी, आणि सांगितलं कुणाला? आरंभशूराला! मला झोंबलं. खोटं कशाला बोलू.

ताईने शर्ट कापले आणि आईच्या पलंगाला टेकून हाताने टाके घालायला बसली. दोन महिन्यांत किती व्हावं? तीन ओळी. तेवढ्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, आता महिन्यांचा हिशेब धरा. आणि त्याच आठवड्यात ताई दोरखंडाएवढ्या जाड दोऱ्याचं बंडल घेऊन घरी आली. गाठी मारून म्हणे भिंतीवर टांगायचं काहीतरी करतात.

मी तिथल्या तिथे भडकले. "लाज वाटते का गं? आई काय मागतेय, तू काय करतेयस?"

"होईल गं. रोज तेच घेऊन बसलं की माझा हात चालत नाही. घाईने बिघडतं ते."

"तुला नसेल घाई. आईला आहे! दे इकडे, आठ दिवसांत करते."

"नको. माझं मी करते," ती म्हणाली आणि पुढची गाठ मारली.

सोमवारी ती कामावर गेल्यावर मी कपाटातून ती पिशवी उचलली. दुकानात उघडून बघते तर काय कापाकापी! एका चौकोनावर अख्खा खिसा तसाच. दुसऱ्यावर बटणपट्टी, बटणांसकट. तिसऱ्याला कोपरावरचं ठिगळ. मी कपाळावर हात मारला. ही काय पद्धत झाली? गोधडीचं कापड सपाट हवं, जाड शिवण सुईखाली येता कामा नये, बटण अंगाला टोचतं. हे शिकाऊ पोरीलाही पहिल्या दिवशी सांगतात. आळस, दुसरं काय!

मी तिच्या तिन्ही ओळी उसवल्या. खिसे, पट्ट्या, ठिगळं, सगळं कापून दुकानाच्या चिंध्यांच्या पोत्यात टाकलं. चांगलं कापड तेवढं ठेवलं, धुतलं, इस्त्री केली, पुन्हा मापात कापलं. चार दिवसांत गोधडी तयार. कोपऱ्याला कोपरा असा भिडलेला की मालकही म्हणाले, "बाई, हात आहे हो तुमचा." मला फार बरं वाटलं.

रविवारी दुपारी जाऊन मी ती आईच्या अंगावर घातली. ताई शेजारी दोऱ्याच्या गाठी मारत होती. तिचे हात थांबले.

आईने गोधडीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत. "मऊ आहे गं. केवढ्याला आणलीस?"

"आणली नाही, आई. बाबांच्या शर्टांची आहे. मी पुरी केली."

"चेष्टा करतेस आंधळ्या बाईची?" आईचा आवाजच बदलला. "चाळीस वर्षं धुतलेत मी ते शर्ट. यात पेनाचा खिसा कुठाय? मी लावलेलं ठिगळ कुठाय? ही बाजारातली आहे." मग ताईच्या दिशेने मान वळवून म्हणाली, "तू करतेयस ना गं ती? त्या दिवशी खिशांची ओळ दिली होतीस हातात, त्याच्या पुढे किती झाली?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "कुठेत?" एवढंच तिच्या ओठांवर दिसलं. दुकानातलं चिंध्यांचं पोतं नेणारी गाडी शुक्रवारीच येऊन गेली होती. मी नाही अशी मान हलवली.

"करतेय आई," ताई म्हणाली. "थोडी राहिलीय."

त्यानंतर आई तीन महिने होती. दर दोन-चार दिवसांनी विचारायची, "झाली का गं?" आणि ताई म्हणायची, "थोडी राहिलीय." शेवटी शेवटी आई चिडायची. "तू मेली जन्मात काही पुरं करायची नाहीस!" माझ्यासमोर म्हणायची. ताई "हो" म्हणायची. खरं काय ते किती वेळा माझ्या ओठांवर आलं. तेवढ्याच वेळा मी गिळलं. माझी गोधडी पायथ्याशी घडी घालून पडलेली असायची, आईने ती पुन्हा अंगावर घेतली नाही.

आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं. मावशी रडून झाल्यावर ताईवर घसरली. "फोनवर नेहमी सांगायची ती. एवढी एक गोधडी मागितली माझ्या बहिणीने, तीही पुरी झाली नाही तुझ्याच्याने?"

"राहून गेलं, मावशी," ताई म्हणाली.

"ही बघ धाकटी. हातात घेतलेलं तडीस नेते." मावशीने माझा हात धरला. "हिच्याकडून शीक काहीतरी."

ताईने मान वर केली नाही. मला तोंड होतं, सगळी माणसं समोर होती.

"मावशी," मी म्हटलं, "चहा टाकू का तुम्हाला?"